रिकाम्या खोलीचं मिनिट

१

रोज सकाळी दहाला स्टुडिओतलं काम सुरू व्हायचं ते काहीही न वाजवता. रेकॉर्डिस्टकाका सगळ्यांना मोठ्या खोलीतून बाहेर काढायचे, जाडजूड दार लावून घ्यायचे, काचेच्या अलीकडे आपल्या खुर्चीत बसायचे आणि एक बोट वर करायचे. मग एक मिनिट रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग. गाण्यात कुठं खोकला आला, खुर्ची करकरली, की तेवढा तुकडा कापून काका तिथं ही शांतता भरायचे. नुसतं कापून चालत नाही, कानाला खड्डा लागतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय प्रत्येक खोलीची शांतता वेगळी, आणि तीही रोज ताजी घ्यावी लागते. "दुधासारखं आहे," ते म्हणायचे. "कालचं आज नासतं."

तिसऱ्या दिवशी आजचंच नासलं.

झालं असं की ती आत राहून गेली. ड्रमच्या मागे गालिच्याची गुंडाळी होती, तिच्यावर बसून ती शब्दकोडं सोडवत होती, आणि ती तिथं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. यात नवीन काही नव्हतं. आपल्याला मोजायचं राहून जातं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दार बंद झालं तेव्हा तिला कळलं, पण आता उठावं तर आवाज होणार. म्हणून पेन्सिल दातांत धरून, श्वास आवरून ती बसून राहिली. खोलीत उजेड सायीसारखा पडला होता. इतकं गप्प होतं की आपल्या पापण्या मिटल्याचंही ऐकू येईल, असं वाटत होतं.

"आत कोण आहे?" स्पीकरमधून काका म्हणाले. "कोण गुणगुणतंय?"

ती उठून उभी राहिली. काचेपलीकडे चार चेहरे एकदम दिसले आणि मग ते सगळे हसायला लागले. तिचा नवरा तर खूशच झाला. सांगितलं नव्हतं का, म्हणाला, तिला सवयच आहे.

काकांनी ते मिनिट सगळ्यांना ऐकवलं. पंचविसाव्या सेकंदाला एक बारीक, मिटल्या ओठांचा आवाज सुरू होत होता. बाईचा. दोन ओळी जाऊन तिसरी अर्ध्यात थांबत होती.

तिने काही ऐकलं नव्हतं. पेन्सिल दातांत धरूनही माणसाला गुणगुणता येतं, असं तिने स्वतःला सांगितलं. येतंच. आणि आपल्या नकळत माणूस काय काय करतं, कुणी घोरतं, कुणी झोपेत बोलतं. हेही खरंच होतं. तरी घरी जाईपर्यंत तिने पेन्सिल तोंडाजवळ नेली नाही.

२

घरचे तिला पेन्सिल म्हणत. एक तर काडीसारखी बारीक, त्यात हातात सदा कोडं सोडवायची पेन्सिल. नाव ठेवलं ते मावसभावाने, म्हणजे बॅंडच्या ड्रमवाल्याने. तो तिचा दादा. लग्नाला तीन महिने झाले होते आणि आता नवराही तेच म्हणायला लागला होता.

हे लग्न जमलं ते एका दुपारमुळे. तेव्हा बॅंड तिच्या नवऱ्याच्या घरी वाजवायचा, तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या खोलीत. तिघंच जण. नवरा गायचा आणि गिटार वाजवायचा, दादा ड्रमवर, आणि मोठी गिटार गळ्यात अडकवलेला लांब्या. बॅंडचं नाव 'ओले टॉवेल'. ते सासूबाईंच्या तोंडून आलेलं, मुलाच्या पलंगाकडे बघून. त्या दुपारी ती दादाला मावशीच्या घराच्या किल्ल्या द्यायला गेली होती. खिडकीला गादी टेकवलेली, नवं गाणं रेकॉर्ड करायचं चाललेलं. अर्धा तास मागच्या खोलीत बस आणि आवाज करू नकोस, असं दादाने बजावलं. ती पांघरुणांच्या ट्रंकेवर बसली. आवाज करू नकोस म्हटल्यावर मनगटावरचं घड्याळसुद्धा काढून चादरीच्या घडीवर ठेवणाऱ्यांतली ती. एकदाच काय ते पेन्सिलीचं टोक मोडलं आणि तिने मान वर केली. समोर कपाटाचा आरसा होता. आज आपण फारच दमलेल्या दिसतोय, असं तिच्या मनात आलं. एवढंच.

गाणं संपलं, तिने किल्ल्या दिल्या, घरी गेली.

आठ दिवसांनी तो तिच्या घरी आला. कान लाल झालेले. दुसऱ्या कडव्याच्या मागे कुणीतरी गुणगुणलंय, असं तो सांगत होता, आणि त्या वेळी घरात त्या तिघांशिवाय एकच माणूस होतं. आठ दिवस तो तेवढाच तुकडा ऐकत होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"तुम्ही गुणगुणता का?" त्याने विचारलं.

तिला गाता येत नव्हतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पण सत्तावीस वर्षांत तिला असं कानापर्यंत लाल होऊन कुणी काही विचारलं नव्हतं.

"कधीकधी," ती म्हणाली.

पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं राहिलं. 'तिसरा मजला' हे ते गाणं कुणाच्या ध्यानीमनी नसताना पसरलं. न्हाव्याच्या दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना, जिकडंतिकडं तेच. ज्यांना काल शेजारी आवाज कमी करा म्हणून दार वाजवून सांगत होते, त्यांच्या दारात आता फोटो काढायला माणसं उभी राहायला लागली. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, ती मागे गुणगुणणारी कोण?

नवरा अभिमानाने सांगायचा, "माझी बायको."

तिला एकदा तरी वाटायला हवं होतं की आता सांगून टाकावं. वाटलंही. पण तो झोपेत तिचा हात धरायचा. सांगितलं तर तो हात कुणाचा ठरला असता, हे तिला कळत नव्हतं.

३

नवा अल्बम मोठ्या स्टुडिओत करायचा असं कंपनीने ठरवलं. कंपनीच्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, फक्त त्यांचं प्रत्येक वाक्य 'लोकांना' या शब्दापासून सुरू व्हायचं. लोकांना ती गुणगुण हवी. लोकांना ती प्रत्येक गाण्यात हवी. शेवटी लोकांना जुनं गाणंही नव्याने, चांगल्या आवाजात हवं. म्हणजे नऊ नवी गाणी आणि दहावं 'तिसरा मजला'.

तिने घरी सराव करून पाहिला होता, बाथरूममध्ये नळ सोडून. बाहेरून सासूबाईंनी विचारलं होतं की पाण्याची मोटर बिघडली की काय.

तिला गायकाच्या छोट्या खोलीत उभं केलं. ही खोली म्हणजे कपाटापेक्षा जरा मोठी, तीन भिंतींना राखाडी स्पंज, चौथी काच. काचेपलीकडे काका, नवरा, दादा, सोफ्यावर पाय कुठं ठेवावेत या विवंचनेतला लांब्या. तिने हेडफोन घातले. आता सगळं उघडं पडणार, असं तिला वाटलं, आणि गंमत म्हणजे छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मोटरीसारखा एक आवाज निघेल, दादा हसेल, नवरा काही क्षण नुसता बघत राहील, आणि मग जे व्हायचं ते होईल.

गाणं सुरू झालं. तिची जागा आली. तिने श्वास घेतला, पण ओठ उघडायचा धीर होईना.

हेडफोनमध्ये गुणगुण सुरू झाली.

तिने हळूच हात गळ्यावर ठेवला. तळहाताखाली गळा बंद दुकानासारखा गप्प होता. कानात मात्र तो आवाज गाण्याच्या कडेकडेने चालत होता, जसं एखादं माणूस घरभर दिवे मालवत फिरावं तसा, सावकाश, माहितीच्या वाटेने. काचेपलीकडे नवऱ्याने डोळे मिटले होते.

"सुंदर," काका म्हणाले. "एका टेकमध्ये. तुमच्या बॅंडमध्ये हीच एक शहाणी आहे."

बाहेर आल्यावर दादाने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि इतकी वर्षं हे कुठं लपवून ठेवलं होतंस म्हणून विचारलं. ती म्हणाली, मी काही केलं नाही रे.

"हो ना," दादा म्हणाला, "मोठी माणसं असंच म्हणतात."

हेडफोनमध्ये आधीच्या गाण्याचं काही राहिलं असेल. यंत्रांचं असं होतं, एकावर एक चढतं. काकांना विचारावं असं तिने ठरवलं आणि विचारलं नाही.

४

त्यानंतरच्या आठवड्यात सासूबाईंना कमी ऐकू यायला लागलं.

आधी त्या "काय गं?" एकदा म्हणायच्या, मग दोनदा, मग भाजी चिरताना सुरी खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. शेजारणीजवळ त्यांनी आधी कौतुकच केलं होतं, आमची सून कशी हळू बोलते, या काळात अशी मिळायची नाही. पण चार दिवसांनी त्या मुकाट्याने कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. परत आल्या त्या जरा चिडूनच. डॉक्टर म्हणाला होता, तुमचे कान विशीतल्या पोरीचे आहेत.

"मग तूच जरा मोठ्यानं बोलत जा," त्या म्हणाल्या.

मी मोठ्यानेच बोलतेय, असं ती म्हणाली. सासूबाई वाट बघत राहिल्या, ती अजून काही बोललीच नाही अशा.

आईचा फोन दर रविवारी यायचा. आई आणि ती, दोघी मिळून तासभर बोलायच्या. घरात गप्प असणारी ही पोरगी आईपाशी मात्र नळ सोडल्यासारखी वाहायची. त्या रविवारी आई तिकडून नुसतं हॅलो हॅलो करत राहिली. पेन्सिल, आहेस का तिथं? मग म्हणाली, तुझा फोन गेलाय, बदल. तिने बदलला. पुढच्या रविवारी आई म्हणाली, हाही तसलाच निघाला वाटतं. नुसता वारा ऐकू येतोय.

"आई, मी आहे," ती म्हणाली. "आई."

"बरं, ठेवते," आई म्हणाली. "पण कंपनीने आधीच सोडलेलं तुझं ते नवीन गाणं रेडिओवर लागलं होतं हो. काय गोड गुणगुणलीस. ऐकलं आणि वाटलं, आहे माझी पोर बरी."

दुकानात, बसमध्ये, सगळीकडे आता तिला बोटाने दाखवावं लागायचं. घशाच्या डॉक्टरने जीभ दाबून, दिवा मारून पाहिलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. लग्नानंतरचा थकवा असेल, असं तो म्हणाला. तिला ते पटलं. तिला पटण्यासारखं काहीही त्या दिवसांत लगेच पटत होतं.

रात्री नवरा तिच्या अगदी तोंडाशी कान आणायचा. ती जे बोलली ते त्याला कळायचं, निदान तो हो हो म्हणायचा. मग एकदा ती काहीच बोललेली नसताना तो हो हो म्हणाला आणि हसला.

५

आठ गाणी झाली. नववं होईना. नवरा गिटार घेऊन बसायचा आणि तीच ती सुरावट वाजवून गिटार खाली ठेवायचा. एका गाण्यावर एवढं मोठं झालेल्या माणसाला दुसरं सापडणं अवघड जातं, हे लांब्याचं मत; तो ते सोफ्यावर आडवा पडून मांडायचा. कंपनीच्या बाई रोज फोन करत होत्या. लोकांना वाट बघायची सवय नसते.

मग एका सकाळी काकांच्या त्या मिनिटात पुन्हा आवाज आला. या वेळी खोलीत कुणी नव्हतं. ती काचेअलीकडे, काकांच्या कंट्रोल रूममध्येच होती, नवऱ्याच्या शेजारी. पण ती त्याला टेकून बसली होती, आणि स्पीकरमधून आवाज आल्याबरोबर त्याने तिच्याकडेच बघितलं, तिचा दंड दाबला, बोटाने थांब अशी खूण केली आणि कागद ओढला. दोन ओळी, मग तिसरी, पूर्ण. दुपारपर्यंत नववं गाणं झालं होतं. ते सगळ्यांत चांगलं होतं.

आवाज इकडून आला की तिकडून, हे कुणी विचारलं नाही. गाणं मिळालं होतं. मिळालेल्या गाण्याला पत्ता विचारत नाहीत.

काकांनी मात्र त्या संध्याकाळी सगळे पायऱ्यांवर चहा प्यायला गेल्यावर तिला थांबवून घेतलं. पन्नास वर्षं लोकांचे आवाज ऐकून या माणसाचे कान मोठे झाले होते आणि बोलणं कमी. जुनं गाणं नव्याने करायचं म्हणून त्यांनी 'तिसरा मजला'चं मूळ रेकॉर्डिंग मागवलं होतं, आणि त्यातली गुणगुण वेगळी काढली होती.

"ऐक," ते म्हणाले. "तिच्या मागचं ऐक. ती दोनदा श्वास घ्यायला थांबते, तेव्हा मागे काय राहतं ते."

तिने ऐकलं. काही नव्हतं. शांतता होती.

"गाण्यामागची शांतता तुमच्या घरची आहे. लहान खोली, खिडकीला गादी. बरोबर?" त्यांनी बटण फिरवलं. "पण गुणगुणीच्या मागची ती नाही. ही या स्टुडिओची आहे. त्या छोट्या खोलीची. मी तिला रोज ऐकतो, मला माझी खोली कळत नाही का?"

तेव्हा आम्ही हा स्टुडिओ पाहिलासुद्धा नव्हता, असं ती म्हणाली. काकांनी तिच्या ओठांकडे बघून ते समजून घेतलं आणि मान हलवली.

"तेच म्हणतोय," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी चष्मा पुसला. "मी म्हातारा झालो असेन, बाळ. तसंच असेल."

६

तिने नवऱ्याला सांगायचं ठरवलं. सगळं, ती दुपार, घड्याळ, 'कधीकधी'. तो बुटांच्या नाड्या बांधत होता. तिने वाक्य मनात तीनदा घोळवलं होतं, ते नीट म्हटलं.

"काय म्हणालीस?"

तिने पुन्हा म्हटलं. त्याने दुसरा बूट घेतला. तिसऱ्यांदा म्हणताना तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. तो उठला, तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाला, संध्याकाळी निवांत सांग. त्याचा चेहरा इतका निष्पाप होता की तिला रागही येईना.

मग तिला काकांचे माईक आठवले. शेजारच्या खोलीतलं घड्याळ पकडणारे, लांब्याच्या पोटातली गुरगुर पकडणारे. त्याच सकाळी स्टुडिओत, काकांनी बोट वर करायच्या आधी ती कुणाला न कळता मोठ्या खोलीत गेली. तिला मोजायचं राहून जातं, त्याचा एवढा तरी उपयोग. माईकला ओठ लागतील इतक्या जवळ जाऊन ती उभी राहिली, आणि मिनिट सुरू झाल्यावर, शाळेत उत्तर द्यावं तशी, स्पष्ट म्हणाली, "त्या दिवशी गुणगुणणारी मी नव्हते. मी खोटं सांगितलं. मला तू हवा होतास."

काच उजेडाने पांढरी झाली होती. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

ती कंट्रोल रूममध्ये आली तेव्हा काका ते मिनिट ऐकवत होते. ती दाराला टेकून उभी राहिली. साठ सेकंद. नवरा गिटार जुळवत होता, दादा नखं खात होता. स्पीकरमधून एक गुळगुळीत, कोरी शांतता आली आणि संपली.

"इतकी स्वच्छ कधी मिळाली नव्हती," काका म्हणाले. म्हणताना ते दाराकडे बघत होते, तिच्याकडे. त्यांना काचेतून तिचे ओठ दिसले असणार. त्यांनी त्या मिनिटावर तारीख घातली आणि ते ठेवून दिलं.

७

शेवटच्या दिवशी 'तिसरा मजला' होतं. वाजवून, गाऊन झालं. तिची गुणगुण तेवढी राहिली.

ती छोट्या खोलीत गेली, हेडफोन घातले. दुपारचे तीन वाजले असतील. दादाच्या काड्यांनी चार मोजले, आणि ते गाणं सुरू झालं जे तिने लिफ्टमध्ये, दवाखान्यात, रस्त्यात हजारदा ऐकलं होतं. पहिलं कडवं गेलं. दुसरं आलं. ती गप्प उभी राहून वाट बघत होती, आता हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

गुणगुण आली नाही.

काकांनी गाणं मागे नेलं. पुन्हा चार, पुन्हा पहिलं कडवं. काहीच नाही. हेडफोनमध्ये नवऱ्याचा आवाज आला. घाई नाही, पेन्सिल, असं तो म्हणत होता, त्या दिवशीसारखं कर, अगदी तसंच. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा काचेवर पुन्हा तो पांढरा उजेड चढला. कंट्रोल रूम विरघळत गेली. उजेड हळूहळू पिवळसर झाला, आणि तिला आधी दिसली ती चादरीची घडी. तिच्यावर एक घड्याळ.

मग ट्रंक. ट्रंकेवर पाय जवळ घेऊन बसलेली मुलगी, मांडीवर कोडं, खाली घातलेली मान. भिंतीपलीकडून काड्या चार मोजत होत्या. मुलीचे ओठ मिटलेले होते. ती गुणगुणणार नव्हती. हे जगात कुणाला नक्की माहीत असेल तर काचेच्या या बाजूला उभ्या असलेल्या तिलाच.

म्हणजे आता गप्प राहायचं. एवढंच करायचं होतं, आणि गप्प राहण्यात तिचा हात कुणी धरला नसता. गाणं संपेल, मुलगी किल्ल्या देईल, घरी जाईल आणि आईला तासभर सगळं सांगत बसेल, खिडकीला गादी लावून काय करतात बाई ही माणसं. आई हसेल. आई तिचं बोलणं ऐकून हसेल. आठ दिवसांनी कुणी येणार नाही. चहाचा कप खाली ठेवून पुन्हा उचलणार नाही. दुसऱ्या कडव्याच्या मागे काही नसलेलं एक गाणं तिसऱ्या मजल्यावरच राहील, आणि एका घरात पलंगावर ओले टॉवेल पडत राहतील, आणि कुणाच्या तरी झोपेत एक हात अंथरुणावर काहीतरी शोधत राहील. किंवा शोधणारही नाही. त्याला काय ठाऊक असणार?

दुसरं कडवं आलं.

मुलीच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने मान वर केली आणि कपाटाच्या आरशात बघावं तसं सरळ हिच्याकडे पाहिलं. किती भरलेले वाटत होते तेव्हा गाल. किती काही झालेलं नव्हतं.

तिने हात गळ्यावर ठेवला. तळहाताखाली, पहिल्यांदाच, काहीतरी थरथरलं. तो आवाज मोटरीसारखा नव्हता. तो गाण्याच्या कडेने चालत गेला, दोन ठिकाणी श्वासाला थांबला, आणि जसजसा पुढे गेला तसतसं तिच्या आतलं एकेक दालन रिकामं झालं. मुलीने टोक तासायला घेतलं.

"हीच," कानात नवरा म्हणत होता. त्याचा आवाज ओला झाला होता. "हीच ती."

काच पुन्हा नुसती काच झाली. पलीकडे तिघं एकमेकांच्या गळ्यात पडले होते, लांब्याने उठताना दिव्याला डोकं आपटून घेतलं होतं, आणि मग दादा चहा सांगायला जिन्याकडे पळाला. तिने हेडफोन काढून खुंटीला लावले. छोट्या खोलीचं दार ढकलून ती मोठ्या खोलीत आली, तेवढ्यात नवराही तिकडून आत आला. त्याने ड्रमच्या मागे बघितलं. गालिच्याच्या गुंडाळीकडे बघितलं. मग छोट्या खोलीत डोकावला, तिच्या इतक्या जवळून की त्याच्या शर्टाचा वास आला.

"पेन्सिल?"

"इथं आहे," ती म्हणाली.

"ती कधीच निघाली की," दादा दारातून म्हणाला. "आत्ता जिन्यात भेटली मला. गुणगुणत चालली होती."

नवऱ्याचा चेहरा उजळला. तो धावतच बाहेर पडला. त्याची पावलं जिन्यावर एकेक मजला उतरत गेली, आणि खाली कुठंतरी दोन माणसांचं हसणं ऐकू आलं.

काकांनी दिवे कमी केले. दाराशी ते थोडे घुटमळले, आत बघत.

"खोली रिकामी आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

हो म्हणून दादाने सांगितलं.

"मग एक मिनिट घेऊन टाकतो," काका म्हणाले. "शेवटचं."

जाड दार लागलं. काचेपलीकडे एक बोट वर झालं. ती होती तिथंच थांबली आणि आवाज होऊ नये म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून घट्ट मुठीत धरलं.